घंटा नसलेली शाळा आणि लोवेल ट्रास्क

लोवेल ट्रास्क सरकारी शाळेत गणित शिकवायचा. एके दिवशी एक मुलगी शंका विचारत असताना घंटा झाली, आणि शंका अर्धी टाकून ती दप्तर उचलून चालती झाली. लोवेलने त्याच दुपारी राजीनामा दिला. आमच्या व्हरमाँटमध्ये एकाहत्तर साली ज्याला त्याला काही ना काही सोडायचंच होतं, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. त्याच्या बायकोला मात्र वाटलं. ती माहेरी निघून गेली.

आमच्या रिकाम्या गोठ्यात लोवेलने मुक्त शाळा काढली. घंटा नाही, परीक्षा नाही, बाक नाहीत. ज्याला जे हवं ते त्याने शिकावं, काहीच नको असेल तर शेळ्यांशी खेळावं. बहुतेकांना शेळ्याच हव्या असत. त्याला सर म्हटलेलं खपत नसे, पोरं अरे-तुरे करायची. मी दुपारचं सूप करायची आणि माझी आठ वर्षांची लेक डॉर्कस तिथेच शिकायची, म्हणजे शेळ्या सांभाळायची.

दर शुक्रवारी सभा भरे. प्रत्येकाला एक मत, लोवेललाही एकच. बहुमताने जे ठरेल तो शाळेचा कायदा. हा नियम त्याचाच, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला माझ्या भावाच्या मुलाने, सरकारी शाळेतल्या, टर्की चघळत बारापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणून दाखवले. वर डॉर्कसला विचारलं, "तुमच्याकडे पाढे शेळ्या म्हणतात का गं?" पोरगी रडली नाही. तेव्हाच मी ओळखलं, हे प्रकरण इथे संपणार नाही.

पुढच्याच सभेत ती उभी राहिली. "रोज सकाळी तासभर गणित. सगळ्यांना सक्तीचं."

"सक्तीचं?" लोवेलचा आवाज चिरकला. "अगं, अर्थ तरी कळतो का तुला?"

"कळतो की. कुणाला टाळता येणार नाही. तुलासुद्धा नाही."

लोवेलने भाषण केलं. कारखाने, तुरुंग, मुलांच्या मनावर पडणारे साखळदंड, सगळं त्यात आलं. भाषण उत्तम होतं, फक्त दोन मुलं झोपली. मग हात वर झाले. विरोधात एकटा लोवेल. पाच वर्षांच्या एमेटने दोन्ही बाजूंना हात वर केला, म्हणून त्याचं मत बाद.

"मी येणार नाही," लोवेल म्हणाला. "मी बहिष्कार टाकतो."

"टाक," डॉर्कस म्हणाली. "पण मग वर्गात लुडबूड करायची नाही."

सोमवारपासून ती स्वतःच शिकवायला लागली, आणि लोवेल गोठ्यातल्या फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे माझ्यापाशी बटाटे सोलत बसायला लागला. "त्या फळ्यासमोर मी पुन्हा उभा राहिलो," तो एकदा म्हणाला, "तर नोकरी, बायको, सगळं सोडलं ते कशासाठी गं, मार्था?" त्याचा आधी राग यायचा, त्या दिवशी फार वाईट वाटलं. मी त्याच्यापुढे आणखी बटाटे ठेवले.

गुरुवारी पलीकडून पोरांचा सूर आला, "सात अठ्ठे चोपन्न!"

लोवेलची सुरी थांबली. "चुकतायत."

"मग सांग जाऊन."

"छे. चुकायचं स्वातंत्र्य आहे त्यांना."

"शाब्बास!" डॉर्कसचा आवाज आला. "आता सगळे जोरात!"

"सात अठ्ठे चोपन्न!"

लोवेलचा चेहरा दाढ ठणकावी तसा झाला. तिसऱ्यांदा चोपन्न ऐकलं आणि तो हातातल्या बटाट्यासकट आत घुसला.

"छप्पन्न!" तो असा गरजला की बाहेरच्या शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. "सरळ बसा! हात बाकावर! पुन्हा पहिल्यापासून!"

बाक नव्हतेच. पोरांनी मुकाट्याने हात गुडघ्यांवर ठेवले. लोवेलला स्वतःचा आवाज ऐकू आला असावा, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो मागे वळणार, तेवढ्यात डॉर्कसने त्याच्या हातातला बटाटा काढून घेतला आणि खडू ठेवला.

"चार दिवस उशीर केलास," ती म्हणाली. "उद्यापासून वेळेवर यायचं."

"हो, बाई," लोवेल म्हणाला.