हिरव्या ठशाची खाच

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असं ती समजते.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो, माझा मित्र नामदेव इंदापुरात. तो पणदऱ्याचा, उसवाल्या घरचा. मुंबईला चित्रकला शिकताना आम्ही एका खोलीत राहिलो आणि परतताना एकच खूळ घेऊन आलो — लाकडात कोरून रंगीत चित्रं छापायची. लुगड्यांवरचे ठसे लोकांना माहीत होते. आम्हाला ठशांतून भिंतीवर लावायचं चित्र करायचं होतं. गावाला ते कळेना. कुणी म्हणे, त्यापेक्षा गुळाच्या ढेपांची लेबलं छापा की! मी चिडायचो. नामदेव हसायचा आणि रविवारी माझ्याकडे येऊन पुन्हा कोरायला बसायचा.

आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता. झालं, लिहिलं एकदाचं.

या कामात प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. ठशाच्या कोपऱ्यात एक खाच असते, तिच्यात कागदाचा कोपरा बसवायचा. खाच जागची हलली, की रंग आपली जागा सोडतात.

त्याचं चित्र होतं कालव्यात म्हैस धुणाऱ्या बाईचं. म्हशीच्या ओल्या पाठीवर त्यानं असा जांभळा आणला होता, की मला जेवण गोड लागेना. मी तो रंग किती वेळा करून पाहिला — दर वेळी शेणकट. का? तेच रंग, तेच लाकूड, मग माझ्याच हातून का नाही? त्या वर्षी मुंबईच्या प्रदर्शनात रंगीत ठशांची चित्रं पहिल्यांदाच घेणार होते. आम्ही दोघंही पाठवणार होतो.

छापायच्या सकाळी तो विहिरीवर गेला, आणि मी — मी त्याच्या हिरव्या ठशाची खाच तासली. नखभर. ताजं लाकूड दिसू नये म्हणून वर रंग चोळला. रागाच्या भरात केलं म्हणू? रागाच्या भरात माणूस रंग चोळत बसतो का?

हिरवा शेवटी छापायचा होता. बाईचं हिरवं लुगडं म्हशीच्या पाठीवर सरकलं आणि तो जांभळा मळला. नामदेवनं दुसरा कागद घेतला, मग तिसरा. पुण्याहून आणलेला चांगला कागद तेवढाच होता. आंब्याची फळी ओलीनं फुगली असेल, असं मीच म्हणालो. त्यानं मानलं.

माझं चित्र मुंबईला गेलं. ही कला पुन्हा उभी राहते आहे, असं माझं नाव घालून छापूनही आलं. त्याचे ठसे घरच्या बंबात गेले, आंघोळीचं पाणी तापवायला. त्यानं पुन्हा कोरलं नाही.

काही वर्षांनी तो बारामतीच्या बाजारात भेटला. उसाचं, पोराबाळांचं बोलून झालं. निघताना म्हणाला, "वसंता, खरं सांग. लाकूडच व्हतं, का माझा हात चुकला?"

लाकूड म्हणालो असतो, तर निदान जुनंच खोटं राहिलं असतं. पण तो जांभळा मला तोवरही जमला नव्हता.

"हातच," मी म्हणालो. "घाई करायचास तू."

त्यानं मान हलवली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाला, आणि पिशवी उचलून एसटीकडं चालू लागला.