माशांची टाकी, एक, चालू स्थितीत

मासे बोलत नाहीत, त्यामुळे माशांच्या दुकानात माणसंच जास्त बोलतात. यवतमाळात मी अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकलं त्याला दीड वर्ष झालं. मासे खपायला वेळ लागतो, किस्से मात्र आपोआप साठतात, काचेवर शेवाळ धरतं तसे. मधूनमधून घासले नाहीत तर आतलं काही दिसत नाही. म्हणून आज घासायला बसलो.

आधी मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होतो. नऊ वर्षं. तिथे आम्हाला कर्मचारी म्हणत नसत, 'फॅमिली' म्हणत. एका मंगळवारी एचआरच्या मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला, अकरा मिनिटांत फॅमिलीतली चाळीस माणसं कमी केली आणि शेवटी म्हणाल्या, "काही शंका असतील तर ईमेल करा." मी लगेच लिहायला बसलो, तर ईमेल बंद झालेला.

खोलीवर छंद म्हणून चार फुटी टाकी होती. यवतमाळला परतताना माझा संसार दोन बॅगांत मावला, माशांना मात्र वेगळा टेम्पो करावा लागला. टेम्पो गल्लीत थांबला तेव्हा आई कौतुकानं बाहेर आली आणि म्हणाली, "फ्रिज आणला काय रे?"

आता बाबांचं सांगतो. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. त्यांच्या हिशोबानं नोकरीला हजेरीपट लागतो, वर साहेब लागतो आणि सुट्टीसाठी अर्ज लागतो. या तीन गोष्टी नसल्या की माणूस रिकामा. मी घरासमोरच, रस्त्यापलीकडे गाळा घेतला, पण बाबा त्याची पायरी चढले नाहीत. लोकांना सांगत, "पोरगा वर्क फ्रॉम होम हाये. कंपनीनंच घरी पाठवला." यात तसं खोटं काहीच नव्हतं.

शेजारचे काका विचारत, "मंग दिवसभर बादल्या काहून उचलून राह्यला?"

"कंपनीच सांगते. तब्येतीसाठी."

ऐकून मला हसू यायचं, आणि रात्री त्यांच्यासमोर जेवायला बसलो की तेच बोचायचं. बाबांनी कौतुक करावं अशी माझी अपेक्षा नव्हती. त्यांनी त्या गाळ्याला एकदा दुकान म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. ते त्याला 'ते' म्हणत. "ते बंद कर आन् जेवाले ये."

*

आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो. अशा गावात काचेत पाणी भरून ठेवणारा माणूस लोकांच्या डोळ्यांवर येणारच. पहिल्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या काकू दुकानासमोर उभ्या राहिल्या. "आमी मोजून भांडे घासतो, आन् तुह्ये मासे एवढ्या पाण्यात हागून राह्यले."

मी म्हटलं, काकू, म्हणूनच ते झाडांना चांगलं. बदललेलं पाणी घेऊन जात जा.

काकूंच्या गुलाबाला महिन्याभरात असा बहर आला की गल्लीतल्या नऊ घरांनी माझ्याकडे नंबर लावले. आता पाणी बदलायच्या आदल्या दिवशी मला व्हॉट्सॅपवर कळवावं लागतं. एकदा मला ताप होता म्हणून दोन दिवस चुकले, तर काकू थेट घरी आल्या. मला वाटलं तब्येत विचारायला आल्या.

"पाणी सोडत नसशीन तर आधी सांगत जा ना बाप्पा. मानसाचं काही नियोजन असते."

*

कळंबकडच्या तांड्यावरची एक म्हातारी सुनेसोबत कपाशीचं बियाणं घ्यायला गावात आली होती. ऊन लागलं म्हणून दोघी दुकानात टेकल्या. सून तिला 'याडी' म्हणत होती, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, म्हणून मीही याडी म्हणू लागलो. याडीनं सगळ्या टाक्या नीट पाहिल्या आणि चौकशी सुरू केली.

"हे खाते काय?"

"दाणे."

"दूध त देत नसंन."

"नाही."

"कापून खाता येते?"

"नाही याडी, हे खायचे नसतात."

"मंग हे दिवसभर करते काय?"

"पोहते."

"आन् तू?"

"मी त्यांच्याकडे पाहतो."

याडीनं एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सुनेकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "याचं लगन झालं नसंन."

झालं नाही. पण का झालं नाही हे तिला दहा मिनिटांत कळलं, मला समजायला दीड वर्ष लागलं.

*

वणीच्या एका शेठचा कोळशाच्या ट्रकांचा धंदा आहे. त्यांना कुणीतरी वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न ठेवायला सांगितलं. हा मासा कपाळावर टेंगूळ घेऊन फिरतो आणि त्या टेंगळात घराचं नशीब असतं म्हणतात. शिवाय तो मेला तर घरावरचं संकट सोबत घेऊन जातो, असाही एक समज आहे. तो समज कुणी पसरवला ते मला माहीत नाही, पण तो नक्की दुकानदार असणार.

चार महिन्यांनी शेठ पेढे घेऊन आले. "मासा गेला."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी माझ्या तोंडात पेढाच कोंबला. "माफी कायची? माहा ट्रक पुलावरून पडता पडता वाचला. घेऊन गेला बिचारा. दुसरा दे."

दुसरा दिला. तो मात्र पक्का निघाला. आठ महिन्यांनी शेठचा फोन आला. "भाऊ, हा मरून नाही राह्यला."

"चांगलंच आहे ना, शेठ."

"काय चांगलं? मले टॅक्सची नोटीस आली, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन निंगालं. मी बीपीच्या गोया खाऊन राह्यलो, आन् हा तिकडे दाणे खाऊन फुगून राह्यला. याले बदलून दे."

दुकानात मी मोठ्या अक्षरात पाटी लावली आहे, 'मेलेला मासा बदलून मिळणार नाही'. जिवंत मासा बदलायची तक्रार येईल हे मला सुचलंच नव्हतं.

*

एका सरकारी ऑफिसात साहेबांनी हौसेनं टाकी बसवून घेतली. आठ गप्पी सोडले. वर्षानं साहेबांची बदली झाली आणि चार्ज द्यायची वेळ आली. यादीत लिहिलं होतं, 'मासे, आठ नग'. नव्या साहेबांनी मोजायला लावले, तर त्रेचाळीस निघाले. गप्पी महिन्या-महिन्याला पिल्लं घालतात, त्यांना कुणी परिपत्रक पाठवलेलं नसतं.

नवे साहेब म्हणाले, "जास्तीचे पस्तीस कुठून आले, ते लेखी द्या."

जुने म्हणाले, "मी खरेदी केलेले नाहीत."

दोन दिवस चार्ज अडला. तिसऱ्या दिवशी तिथला क्लार्क घामाघूम होऊन माझ्या घरी आला. "भाऊ, पस्तीस मासे आजच्या आज कमी करून द्या. नाहीतर चौकशी लागते."

मी काही बोलणार, एवढ्यात पेपराच्या मागून आवाज आला. "जिवंत वस्तूची संख्या लिहीत असते काय रे कोनी? 'माशांची टाकी, एक, चालू स्थितीत' असं लिही. आत किती आहेत ते टाकीच पाहून घेईल."

क्लार्कनं बाबांचे पाय धरले. चार्ज त्याच दुपारी झाला. बाबांनी पेपर पुन्हा वर केला. पण माशांवर ते पहिल्यांदा बोलले होते, म्हणून मी ते वाक्य डायरीत उतरवून ठेवलं.

*

आणि हे गेल्या चतुर्थीचं. आई चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला गेली होती, आणि मी वणीला शेठच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. काकूंनी फोन करून सांगितलं, सकाळपासून लाइन नाही. दुकानात सोळा टाक्या. वीज गेली की बॅटरीवर हवेचे पंप फार तर दोन तास चालतात. पुढे मासे हवेसाठी वर येऊन तोंड उघडतात आणि मग एकेक करून जातात. वणीहून घरी पोचायला मला अडीच तास लागणार होते. घरी फक्त बाबा होते.

त्यांना फोन लावला. म्हटलं, "बाबा, मगानं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत त्याच टाकीत ओतायचं. त्यानं हवा मिसळते. सगळ्या टाक्यांना. जमेल का?"

पलीकडे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "किती उंचावरून?"

"हातभर."

"एका टाकीले किती वेळ?"

"पाच मिनिटं."

फोन ठेवला त्यांनी. परत येताना एसटीत मी सगळे देव आठवले. मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नव्हती.

दुकानात पोचलो तेव्हाही लाइन नव्हती. बाबा बनियनवर होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात आमच्या न्हाणीतला लाल मग. भिंतीला एक कागद चिकटवला होता, पट्टीनं रेघा आखून: टाकी क्रमांक, वेळ, सही. प्रत्येक रकान्यात त्यांची हेडक्लार्कची लांब शेपटीची सही. सोळाही टाक्यांत मासे फिरत होते.

बाबांनी मागे न पाहता सांगितलं, "तुह्या कंपनीचा फोन आलता. तू उचलला नाही म्हनून तिथल्या बाईनं फार्मावर लिहिलेल्या माह्या नंबरवर केला. तुले परत घेतो म्हनते."

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"तिनं विचारलं, आपन कोन. मी म्हटलं, साहेबांच्या दुकानातून बोलतो. साहेब साइटवर गेले आहेत." त्यांनी नऊ नंबरच्या टाकीत मग बुडवला, हातभर वर नेला आणि हळूहळू ओतला. "म्हटलं, लेखी अर्ज पाठवा. पाहू."