रूथला बाप्तिस्मा कोणी दिला

"सिस्टर, फादर सटाण्याला आहेत. ते येईपर्यंत टिकेल ना ती?" आनंदने विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सिस्टर आहे. आनंदची मुलगी दिवस भरायच्या खूप आधी जन्मली. व्हेंटिलेटर लावूनही दुपारपासून ऑक्सिजन घसरत होता. तिची आई रेबेका सिझेरियननंतर वॉर्डात पडून होती. तिचा एकच निरोप होता, बाळाला बाप्तिस्मा द्या.

मी फादरना फोन लावला. ते म्हणाले, "जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतं. डोक्यावरून पाणी वाहू द्यायचं आणि शब्द म्हणायचे. बाप आहे ना तिथे?"

आनंदने फोन घेतला नाही. तो देवळाली कॅम्पात रिक्षा चालवायचा. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "काल तिला कळा आल्या तेव्हा मी पिऊन पडलो होतो. माझीच रिक्षा दारात, आणि शेजाऱ्याने चालवत आणली तिला. कुठल्या तोंडाने बाप्तिस्मा देऊ? तुम्ही द्या, सिस्टर."

"मी हिंदू आहे. चालेल?" मी फादरना विचारलं.

"मनापासून दिलात तर चालेल. पण त्याने दिला तरी चालेल. बाप्तिस्मा देवाचा असतो, देणाऱ्याचा नाही."

मी स्पीकर लावला आणि हेच आनंदला सांगायला लावलं.

"फादर, पण मी काल..."

"ते नंतर बोलू. आता हात धू."

डॉक्टर मॅडमनी बजावलं, "एक एमएलच्या वर पाणी नको. बाळ गार पडेल." मी निर्जंतुक पाणी कोमट करून सिरिंजमध्ये भरलं. आनंद हात धूतच राहिला. शेवटी मीच नळ बंद केला आणि सिरिंज त्याच्या हातात दिली.

"रूथ, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पाणी डोक्यावरून ओघळलं. मी लगेच टिपलं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "मी दिला हे रेबेकाला सांगू नका."

रूथ सावरली. रेबेकाला वाटलं, बाप्तिस्मा मी दिला. ती रोज माझे हात धरून आभार मानायची आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

डिस्चार्जच्या दिवशी फादर आले. आनंद हळूच म्हणाला, "आता तुम्ही परत नीट द्या."

"नीटच झालाय. तो एकदाच होतो. उरलेले विधी चर्चमध्ये करू."

रेबेकाने ऐकलं. "तू दिलास?"

त्याने मान खाली घातली. "हो."

तिने रूथचं दुपटं सारखं केलं. मग रूथला त्याच्या हातात देऊन म्हणाली, "धर नीट."

आता बाळ गंभीर असलं की घरच्यांना काही विधी करायचाय का, हे मी आधीच विचारते. इंजेक्शन मिनिटात देता येतं. माणसाला तयार करायला वेळ लागतो.