आमच्या घरची बुधवारची प्रार्थना

पांढुर्ण्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारी सकाळी उपासना, बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी प्रार्थना, शनिवारी चर्चच्या ओसरीवर मुलांचा अभ्यासवर्ग, आणि अधूनमधून मोहगावकडे किंवा दवाखान्यात जाऊन आजाऱ्यांच्या भेटी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पूर्ण केली नव्हती. मी पदवीपर्यंत पोचलो तो त्या ओसरीमुळे. हे उपकार मी विसरलेलो नाही.

आई संत्र्यांच्या मंडीत माल निवडायला जायची. वडील गेल्यावर मंडळीने आम्हाला सांभाळलं. नाताळात घोंगडी यायची, धान्य यायचं, माझी पुस्तकं यायची. बुधवारची प्रार्थना मात्र आमच्या घरी कधी आली नाही. ज्याच्या घरी प्रार्थना, त्याने सगळ्यांना चहा-चिवडा द्यायचा, अशी आमच्यात रीत. एका खोलीत राहणाऱ्या, दमून घरी येणाऱ्या बाईवर हा भार कशाला, असा विचार करून मंडळीचे सचिव आमची पाळी ओलांडून पुढच्या घराचं नाव वाचत. सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांच्या मनात दयाच होती, याबद्दल मला शंका नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आईने उपासनेला येणं सोडलं. आधी वाटलं, हंगाम आहे, थकली असेल. पण काम नसलेल्या रविवारीही ती घरी धुणं काढून बसली, तेव्हा पास्टरसाहेब स्वतः आले. आईने त्यांना पाणी दिलं आणि उंबऱ्याजवळ बसली. तब्येत विचारून झाल्यावर त्यांनी अंदाजाने बुधवारच्या पाळीचा विषय काढला. तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही तसं ठरवलं होतं, असं ते म्हणाले.

 आई म्हणाली, "साहेब, तुमी देता, आमी घेतो. किती वर्स झाले. माह्या घरचा चहा कोणी पेला नाही, तं मी मंडळीतली कशाची?"

 मंडळीच्या पुढच्या बैठकीत पास्टरसाहेबांनी हे जसंच्या तसं सांगितलं. उपासना, सहवास, शिक्षण आणि सेवा हे मंडळीच्या बाजेचे चार पाय आहेत, आपण सेवेचा पाय लांब केला आणि सहवासाचा आखूड, असं ते म्हणाल्यावर मागून एक म्हातारी बोलली, "म्हणूनच उपदेशात काही जण डुलक्या घेत घरंगळून ऱ्हायले." सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. पुढच्या बुधवारसाठी त्यांनी आमचं घर लिहिलं.

त्या बुधवारी आई सकाळीच सांगून गेली होती की वेळेवर येते. संध्याकाळ झाली, माणसं जमली. खोली भरली म्हणून शेजारच्या बौद्ध कुटुंबाने आपली सतरंजी आमच्या दारापुढे अंथरली आणि कपही दिले. आई आली नव्हती. मंडीत ट्रक भरणं चालू होतं आणि मुकादम सोडत नव्हता. काकाजी घड्याळ पाहून म्हणाले, "सुरू करा साहेब. प्रार्थना वेळेवर झाली पाहिजे." मी मान खाली घालून स्टोव्हपाशी उभा होतो. तिच्या घरची पहिली प्रार्थना तिच्याविनाच होणार, असं मला वाटलं.

पास्टरसाहेबांनी बायबल मिटून मांडीवर ठेवलं. "जिच्या घरी आलो, तिला येऊ द्या," म्हणाले.

 अंधार पडल्यावर आई आली. तिने हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला. वचन वाचून झाल्यावर पास्टरसाहेबांनी तिलाच प्रार्थना करायला सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं आणि चारचौघांत ती कधी बोललीही नव्हती. तिने आमच्यासाठी काही मागितलं नाही. काकाजींच्या गुडघ्यासाठी मागितलं, पास्टरबाईंच्या आजारी आईसाठी मागितलं, शेजाऱ्यांच्या लेकीच्या बाळंतपणासाठी मागितलं. 

चहा तिनेच दिला. मला ट्रे धरू दिला नाही. काकाजी कप रिकामा करून उठतील असं वाटलं, पण त्यांनी तो तिच्यापुढे केला.

"बाई, अर्धा अजून द्या."

आईने कप काठोकाठ भरला.