डाकिणीच्या तालमी

हौशी नाटकवाल्यांचे प्रयोग मोजके आणि किस्से पोतंभर. आमच्या नाशिकच्या ग्रुपचे बहुतेक किस्से हसण्यासारखेच आहेत. एका नाटकाचे मात्र मी सहसा सांगत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. गावात मुलं आजारी पडतात आणि लोक एका बाईला डाकीण ठरवतात, असं ते नाटक. डाकीण झाली होती सुनंदा, आमच्यातली सगळ्यात बडबडी. बाकी आम्ही आठ-दहा जण गर्दी. दिग्दर्शक अरुणसर सारखे सांगायचे, "माणसं दिसता कामा नयेत. एकच जनावर दिसलं पाहिजे."

*

पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालायची. एकदा मला ठसका लागला. मग शेजारच्या शैलाला, मग सगळ्या गर्दीला. पाणी पिऊनही थांबेना. सर खूश. "हे ठेवू या," म्हणाले.

सुनंदा म्हणाली, "सर, मला एकटीलाच कसा नाही लागला?"

सरांनी टाळी वाजवली, "चला, पुन्हा पहिल्यापासून."

*

चहाला सुनंदा सतरंजीवर बसली की तिच्या बाजूची जागा रिकामी व्हायची. ठरवून नाही हो, आपोआप. एकदा तिने शैलाला हाक मारली, "ये की गं, चावत नाही मी."

शैला लांबूनच हसली. "इथे वारा चांगला येतोय."

पंखा सुनंदाच्या डोक्यावर होता.

*

चांदवडच्या प्रयोगात प्रेक्षकही आमच्याबरोबर ओरडायला लागले. पडदा पडल्यावर एक म्हातारी आत आली. मला वाटलं, कौतुक करायला आली असेल. सुनंदाकडे न बघता मला म्हणाली, "बाई, हिला संगं गाडीत नेता तुम्ही? भ्या नाय वाटत?"

परतताना सुनंदा मागच्या सीटवर एकटीच होती. उतरताना म्हणाली, "ताई, मला गर्दीत घ्या. नाहीतर मी ग्रुपच सोडते."

*

मग सरांनी अदलाबदल केली. डाकीण मी, सुनंदा गर्दीत. त्या दिवशी ती शैलाला खेटून बसली, पोटभर हसली. मला फार बरं वाटलं.

तालीम सुरू झाली. नाटकातला गावचा पाटील विचारतो, "कोण आहे डाकीण?" त्यावर पहिला हात शैलाने उचलायचा, असं बसवलेलं. मी गुडघ्यांवर बसून वर बघत होते. पाटलाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत एक हात सरळ माझ्या तोंडासमोर आला. सुनंदाचा.

तालमीनंतर मी हसत म्हटलं, "अगं, प्रश्न तरी संपू द्यायचास."

"कुठे? माझा हात खालीच होता, ताई."

मी शैलाकडे पाहिलं.

"खालीच होता," शैला म्हणाली.

मग बाकीचेही, एकेक करून, "खालीच होता."