प्रेमलाबाईंच्या खुर्चीपाशी

मला लिहायची सवय नाही. पण प्रेमलाबाई शिरसाठांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतले लिहिते लोक त्यांच्याबद्दल लिहितील असं वाटत नाही.

पुण्यात घोरपडीला दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनेला जमतो. गोल बसायचं, एकाचं 'आमेन' झालं की शेजारच्याने सुरू करायचं. प्रेमलाबाईंची प्रार्थना सगळ्यांत लांब आणि ठाम असे. देवाकडे मागण्याऐवजी त्या त्याला बजावतच असत. चर्चचा कारभार पाहणारे आमचे जुने पंच श्रीधरमामा म्हणायचे, "बाईंच्या प्रार्थनेनंतर चहा पुन्हा गरम करावा लागतो."

द्वारकाबाईंचे यजमान आजारपणात वारले, तेव्हा प्रेमलाबाई भेटायला गेल्या आणि चार माणसांसमोर म्हणाल्या, "विश्वास कमी पडला, द्वारका. मनात शंका धरून मागितलंस." द्वारकाबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी पाणी आणलं.

पुढे प्रेमलाबाईंच्या एकुलत्या मुलाला, अभयला, रक्ताचा कर्करोग झाला. हिंजवडीच्या एका कंपनीत होता तो. उपचारांनंतर एक रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "इतक्यात काही सांगता येणार नाही." बाई थांबल्या नाहीत. त्यांनी देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीची सभा ठेवली, दारात मांडव घातला, बिर्याणी केली आणि देवाने बरं केल्याची साक्ष द्यायला अभयला उभं केलं. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "आई म्हणते, मी बरा झालोय," एवढंच बोलला. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. तो हसला नाही.

दिवाळीच्या आधी तो गेला.

दफनविधी आटोपून लोक दफनभूमीच्या फाटकाशी उभे होते. तिथे कुणीतरी म्हणालं, "दिलेली साक्ष परत घेता येते का हो?" प्रेमलाबाई दोन पावलांवर होत्या.

आता त्या यायच्या नाहीत असं आम्ही धरून चाललो. पण शुक्रवारी त्या आल्या. प्रार्थना फिरत त्यांच्यापाशी आली आणि थांबली. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी पलीकडच्याने घाईघाईने सुरू केलं. पुढच्या शुक्रवारीही तेच. मग आम्हाला सवयच झाली. अलीकडच्याचं आमेन झालं की पलीकडचा लगेच सुरू करी, मधली खुर्ची रिकामी असल्यासारखा. आम्ही हे दयेपोटी करतो अशी आमची समजूत होती.

एकदा भाजी घेताना त्या भेटल्या. मी विचारलं, "बाई, एवढा त्रास होतो, तर येता कशाला?"

"मला देवाशी बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलता, तिथे निदान बसते. तेही सोडलं तर संपलंच सगळं."

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात प्रार्थना द्वारकाबाईंकडे होती. प्रेमलाबाई उशिरा आल्या. खुर्ची उरली होती ती नेमकी द्वारकाबाईंच्या शेजारची. त्या दारातच क्षणभर थांबल्या, मग येऊन बसल्या. प्रार्थना फिरत त्यांच्यापर्यंत आली. नेहमीप्रमाणे आता द्वारकाबाई सुरू करतील म्हणून आम्ही डोळे मिटून होतो. पण काहीच ऐकू येईना. नुसता पंखा फिरत होता.

श्रीधरमामा खाकरले. "द्वारकाबाई, तुमचा नंबर."

"माझा नाही, मामा. प्रेमलाचा आहे."

मला तर उठून जावंसं वाटलं. फार वेळाने प्रेमलाबाईंचा आवाज आला. "प्रभू, तुझा राग येतो मला अजून." मग म्हणाल्या, "द्वारकेला मी बोलले, ते खरं नव्हतं."

पुढे त्यांना बोलवेना. आमेन द्वारकाबाईंनी म्हटलं.

त्यानंतर सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. त्या अजूनही बहुतेक वेळा गप्पच असतात. पण त्यांची खुर्ची आता कुणी ओलांडत नाही. मागच्या शुक्रवारीही त्यांना काही बोलता आलं नाही. आम्ही थांबून राहिलो. शेवटी त्यांनीच द्वारकाबाईंच्या हाताला हात लावून, तू कर, अशी खूण केली.