मोठ्या काकांच्या फोटोला हार

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने पोस्ट टाकली. आजच्याच दिवशी, वीस ऑक्टोबर १९६२ ला, चीनने हल्ला केला होता.

आमचे मोठे काका त्या लढाईत होते. बाळापूरहून फौजेत गेलेले. बेपत्ता झाल्याची तार आली, त्यानंतर काहीच नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

वाटलं, आपण कधी काही केलं नाही. झेंडूचा हार आणून त्यांच्या फोटोला घातला, मेणबत्ती लावली.

त्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या बाहेर आल्या आणि हार पाहून दारातच थांबल्या.

"त्याले हार कावून घातला?"

"आज लढाई सुरू झाली होती, आत्याबाई. म्हटलं, स्मृतिदिन करू."

"लढाई आज सुरू झाली. तो कवा गेला, कोनाले मालूम? लोकं आमच्या बाबाले म्हनत, पोरगा गेला समजा, त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करून टाका. बाबा म्हने, तारीख सांगा, करतो. दर हिवाळ्यात अकोल्याच्या कचेरीत जाऊन तेच इचारे. इचारता इचारताच गेला. आन् तुले ते तारीख मोबाईलवर सापडली?"

मी हार काढला. तो हातात धरून तसाच उभा राहिलो.

शेजारीच आजोबांचा फोटो आहे. आत्याबाईंनी तिकडे बोट केलं.

"बाबाले घाल. त्याले जातानी मी पाह्यलं हाय."

काकांचा फोटो पुन्हा मोकळा आहे. तुमच्या घरी असा फोटो असेल, तर त्याच्यापुढे तुम्ही काय करता?